विश्लेषण : गावच्या माळाचा, देवराईचा आराखडा सल्लागाराने करावा का?

गावाच्या ताब्यातील वन, माळ, देवराई कशी राखायची याचा आराखडा गावाने करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तो अनेकदा बाहेरची एजन्सी करते. यात नेमके काय बिघडते आणि ते कसे टाळता येईल?

लोणंद म्हटले की कांद्याचा बाजार आठवतो, वारकऱ्यांना माउलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो. पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत मात्र लोणंद हे एका मेंढीचे नाव आहे. दख्खनी मेंढीचे संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे स्थानिक प्रकार मानले जातात. त्यांतलाच एक लोणंद. कमी पावसाच्या, खडकाळ, गवताळ माळावर तगणारी ही मेंढी. खंडाळा, फलटण, माण या पट्ट्यातले मेंढपाळ पिढ्यानपिढ्या अशाच माळांवर कळप राखत आले आहेत.

हे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात किंवा अन्य भागांत उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आता समजा, या परिसरातील एखाद्या गावाच्या माळाचा व्यवस्थापन आराखडा करायचे काम एका एजन्सीला मिळाले आणि आर्थिक वर्ष संपण्याआधी तो द्यायचा म्हणून तिची माणसे फेब्रुवारी-मार्चमध्ये आली. त्यांना काय दिसेल? वाळलेले गवत, उघडा मुरूम आणि माणसाचा पत्ता नाही. ‘जमीन पडीक, वापर नाही, वृक्ष लागवडीस योग्य’ अशी नोंद होईल. त्यात खोटे लिहिण्याचा हेतू कोणाचाच नसेल. पण त्या माळावर ज्यांचे घर चालते, ती माणसे कागदावरून नाहीशी झालेली असतील.

सामूहिक मालकीच्या किंवा सामूहिक वापराच्या निसर्गक्षेत्रांसाठी सल्लागार नेमण्याचा प्रश्न एवढ्या साध्या जागी अडतो. सल्लागार नेमणे गैर नाही. अनेकदा ते गरजेचेही असते. पण गावाने त्याच्याकडून मदत घ्यायची की आपला निर्णयच त्याच्या हाती द्यायचा, हे ठरवल्याशिवाय केलेली नेमणूक गावाला महागात पडते.

आराखडा करण्याचा अधिकार कोणाचा?

याबाबत कायद्यांत फारशी संदिग्धता नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची असते. ग्रामपंचायतीला हे लागू आहे, तसेच लोणंदसारख्या नगरपंचायतीलाही. स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करणे हे या समितीचे मुख्य काम, असे २००४ च्या नियमांनी स्पष्ट केले. समितीवर एक तृतीयांश महिला असाव्यात, अशीही तरतूद होती.

दुसरा कायदा २००६ चा वनहक्क कायदा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभा आपल्यातून समिती निवडते. ही समिती वनाच्या संवर्धनाचा आणि व्यवस्थापनाचा आराखडा तयार करते आणि ग्रामसभा त्यावर देखरेख ठेवते. हा आराखडा वन विभागाच्या कार्य आयोजनेशी जोडून घेण्याची सोय नियमांत आहे. मात्र त्यासाठी कोणते बदल करायचे, हे समितीने ठरवायचे आहे.

तिसरा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव क्षेत्र’ हा प्रकार आला. लोक स्वतःहून आपली सामूहिक किंवा खासगी जमीन संरक्षणासाठी पुढे करतात तेव्हा असे क्षेत्र घोषित करता येते. त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीने किंवा ग्रामसभेने सुचवलेले किमान पाच प्रतिनिधी असतात आणि व्यवस्थापन आराखडा करण्याचा अधिकार याच समितीला असतो.

तिन्ही कायद्यांचा रोख एकच आहे. आराखडा हा समितीने आणि लोकांनी करायचा दस्तऐवज आहे. त्यासाठी तज्ज्ञाची मदत घ्यायला कोणताही कायदा मनाई करत नाही. पण तज्ज्ञाने समितीची जागा घ्यावी, असेही कोणता कायदा म्हणत नाही.

मग सल्लागार का येतो?

कारण गावाला खरोखरच काही गोष्टी येत नाहीत. उपग्रह नकाशावर हद्द आखणे, झाडांचे नमुना सर्वेक्षण, वनस्पतींची शास्त्रीय नावे, विहित नमुन्यातील तक्ते, खर्चाचे अंदाजपत्रक ही कामे ग्रामसेवकाच्या किंवा समितीच्या सदस्याच्या आवाक्यातली नसतात. ग्रामसेवकाकडे आधीच डझनभर योजनांचे ऑनलाइन अहवाल असतात. समिती बहुतेकदा ठरावापुरती असते आणि आपण तिचे सदस्य आहोत, हे काहींना ठाऊकही नसते.

दुसरे कारण मुदतीचे. जैवविविधता नोंदवह्या देशभर रखडल्या होत्या. हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० पर्यंत सर्व समित्या स्थापन करून नोंदवह्या पूर्ण करा, अन्यथा प्रत्येक राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील, असा आदेश दिला. त्यानंतर आकडे झपाट्याने वाढले. २०१६ च्या सुमारास देशात दीड हजारही नोंदवह्या नव्हत्या. २०२० च्या सुरुवातीला त्या ९५ हजारांच्या आसपास पोहोचल्या आणि पुढे अडीच लाखांच्या वर गेल्या.

न्यायाधिकरणाचा हेतू चांगला होता. कायदा होऊन १७ वर्षे झाली तरी गावांच्या नोंदी नसणे ही नामुष्कीच होती. पण गावातील वनस्पती, प्राणी, बियाणे, औषधी ज्ञान यांची प्रामाणिक नोंद करायची तर तिन्ही ऋतू पाहावे लागतात. पावसाळ्यात उगवून दोन महिन्यांत संपणारी रानभाजी जानेवारीत दिसत नाही. ऑगस्टमध्ये आदेश, जानेवारीत मुदत आणि हजारो गावे, असे गणित असेल तर शेजारच्या गावाची यादी थोडी बदलून पुढच्या गावाच्या नावाने लावण्याचा मोह होणारच. घाईत झालेल्या नोंदवह्यांच्या दर्जाबद्दल अभ्यासकांनी तेव्हापासून प्रश्न विचारले आहेत.

नोंद चुकली तर बिघडते काय?

‘कपाटातला कागद, कोण वाचतो?’ असा प्रतिसाद गावात हमखास मिळतो. पण गरज पडते तेव्हा हाच कागद वाचला जातो. माळावर किंवा गायरानावर एखादा प्रकल्प येतो तेव्हा अधिकारी विचारतात, या जागेचा सध्या वापर काय? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पांसाठी गायरान जमिनीही वापरल्या जातात. शेतीला दिवसा वीज मिळावी हा हेतू योग्यच आहे. पण कोणते गायरान द्यायचे आणि कोणते राखायचे, हे ठरवताना गावाच्या हाती चराईची, पाणवठ्यांची, गवताची नोंद नसेल तर मेंढपाळाची बाजू मांडायला कागद कुठून आणायचा?

येथे मालकीचा मुद्दाही समजून घ्यायला हवा. गायरान गावाच्या वापरासाठी असते, पण ती जमीन सरकारी असते. देवराई कुठे वन विभागाकडे, कुठे महसूलकडे, कुठे देवस्थानाच्या, तर कुठे काही कुटुंबांच्या नावावर असते. गाव ज्याला ‘आपले’ म्हणते, ते सातबाऱ्यावर गावाचे असेलच असे नाही. जिथे मालकी कच्ची, तिथे वापराची नोंद हाच गावाचा मोठा आधार ठरतो. ती नोंद दुसऱ्याने घाईत करावी, हे म्हणूनच धोक्याचे आहे.

दुसरे नुकसान जमिनीवर होते. झाडे नसलेली जागा म्हणजे उजाड जागा, हा समज सरकारी योजनांत खोलवर रुजला आहे. राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्ष लागवडीची मोहीम झाली. झाडे लावणे चांगलेच, पण ती कुठे, हा खरा प्रश्न आहे. पर्जन्यछायेतला गवताळ माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक हे उघड्या माळाचेच जीव आहेत. तिथे चर खोदून गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या तर छायाचित्रात हिरवळ दिसते, पण गवत जाते, चराई जाते आणि माळावरचे पक्षीही जातात. पश्चिमेकडच्या घाटासाठी बेतलेला आराखडा लोणंदच्या माळाला लावणे म्हणजे महाबळेश्वरचे पीक माणमध्ये घेण्यासारखे आहे.

तज्ज्ञांचेही चुकते का?

चुकते, आणि त्याची किंमत स्थानिक लोक मोजतात. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव हे याचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पाणथळ जागेत गावकरी म्हशी चारत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराई बंद करण्यात आली. विरोध झाला, गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे काय झाले? म्हशी खात असलेले पाणगवत बेसुमार वाढले, उघडे पाणी कमी झाले आणि पक्ष्यांचीच अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुमारे दहा वर्षांच्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला, की चराई त्या जागेला उपकारकच होती. गुराख्यांना हे आधीच दिसत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते.

सातारा जिल्ह्यातही याच्याशी मिळतीजुळती गोष्ट घडली. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आले. पर्यटकांची झुंबड उडाली. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पठाराला जाळीचे कुंपण घालण्यात आले. त्याने पर्यटक काही प्रमाणात आवरले, पण गुरांची चराईही थांबली. गवत माजले आणि फुलांचा बहर कमी होत असल्याची तक्रार स्थानिकांनी आणि काही अभ्यासकांनी केली. अखेर ते कुंपण काढण्यात आले. बहर कमी-जास्त होण्यामागे पावसासह अनेक कारणे असू शकतात. तरीही पठारावर पिढ्यानपिढ्या गुरे चारणाऱ्यांना कुंपण घालण्याआधी विचारायला हवे होते, एवढे यातून नक्कीच दिसते.

मग तज्ज्ञ नकोतच का?

तसे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि या पट्ट्यात तर कोणी म्हणणारही नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून बाहेर पडलेले वाण इथल्या शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम तर लोणंदच्या मेंढीशीच जोडलेले आहे. दख्खनी मेंढी साधारणपणे एका वेळी एकच कोकरू देते. बंगालमधील गारोल मेंढीतला जुळ्यांना कारणीभूत ठरणारा जनुक संस्थेने दख्खनी मेंढीत आणला आणि त्यातून ‘नारी सुवर्ण’ हा वाण तयार झाला. हे संशोधन प्रयोगशाळेत संपले नाही. मेंढ्या मेंढपाळांच्या कळपात सोडल्या गेल्या, तिथल्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. जुळी हवीत, पण फिरत्या कळपात जगवता येणार नाहीत इतकी कोकरे नकोत, ही मेंढपाळाची अट संशोधनाचा भाग झाली. शास्त्र बाहेरून आले, कसोटी मात्र कळपात लागली.

सिंधुदुर्गातील बांबर्डे-हेवाळे येथील उदाहरणही बोलके आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या या गावात ‘कानळाची राय’ ही देवराई लोकांनी श्रद्धेने राखली होती. ती मायरिस्टिका दलदल, म्हणजे जायफळाच्या कुळातील झाडांची अतिशय दुर्मीळ गोड्या पाण्याची दलदल आहे, हे अभ्यासकांनी ओळखले. २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे अडीच हेक्टरांच्या आसपास. गावाने राखले नसते तर अभ्यासकांना ओळखायला काही उरले नसते. अभ्यासकांनी ओळखले नसते तर कायद्याचे कवच मिळाले नसते.

नकाशे, मोजमापे गावाला कधीच जमणार नाहीत, हाही गैरसमज आहे. २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचे वेळू गाव पहिले आले. त्या स्पर्धेचा पाया प्रशिक्षण हा होता. गावातून गेलेल्या स्त्री-पुरुषांनी काही दिवसांत समतल रेषा काढणे, उतार मोजणे, पाणलोट वाचणे शिकून घेतले आणि गावात परतून इतरांना शिकवले. आराखड्यातील बरेच काम असेच शिकता येते. जे खरोखर येत नाही, तेवढ्यासाठीच बाहेरचा माणूस लागतो.

मेंढा आणि पाचगावने काय केले?

सामूहिक वनहक्कांत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे, तो प्रामुख्याने गडचिरोलीमुळे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाची खरी शिदोरी त्याआधीची होती. गावात अभ्यासगट होता. एखादा प्रश्न आला की गाव त्याचा अभ्यास करी, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारी आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेई. गावचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ प्रसिद्ध आहे. मोहनभाऊ तिथे ठेकेदार सल्लागार नव्हते, सहअध्यायी होते. जाणकार गावाबरोबर बसून अभ्यास करतो आणि निर्णयाच्या वेळी बाजूला होतो, ही मेंढ्याची रीत.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. गावाने बांबूच्या तोडीपासून राखणीपर्यंतचे नियम स्वतः बसून केले. तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, वणवे लागतात, म्हणून तेंदू न तोडण्याचे ठरवले. सुमारे ३४ हेक्टर जंगल कोणतीही तोड न करता राखून ठेवले. तेंदूचे उत्पन्न सोडा, असे एखाद्या एजन्सीने लिहिले असते तर गावाने ते पाळले असते का? स्वतःच घेतलेला निर्णय असल्यामुळे तो टिकला.

आराखडा कोणाच्या हातात राहावा, यावरून वादही होतात. छत्तीसगडमध्ये मे २०२५ मध्ये वन विभागाने सामूहिक वनहक्काच्या अंमलबजावणीची समन्वय यंत्रणा आपणच असल्याचे पत्र काढले. इतर विभाग आणि स्वयंसेवी संस्थांच्या सहभागावर त्यात निर्बंध होते. ग्रामसभांनी आणि संघटनांनी तीव्र विरोध केला आणि जुलैमध्ये ते मागे घ्यावे लागले. गावाला कोणाची मदत घ्यायची हे निवडण्याचे स्वातंत्र्य असले पाहिजे, हा त्या वादाचा गाभा होता. खासगी एजन्सी असो, संस्था असो की सरकारी विभाग, हा नियम सर्वांनाच लागू होतो.

पण ‘गाव’ म्हणजे नेमके कोण?

इथे सल्लागारांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. गाव एकजिनसी नसते. गायरानावर अतिक्रमण करणारे अनेकदा गावातलेच असतात आणि कधी कधी तेच पंचायतीतही असतात. ग्रामसभेत भूमिहीनाचा, लाकूडफाटा आणणाऱ्या बाईचा आवाज क्षीण असतो. सहा महिने बाहेर असणारा मेंढपाळ तर ग्रामसभेला गावात नसतोच. अशा वेळी बाहेरचा, कोणाच्या भावकीत नसलेला माणूस नीट वागला तर उपयोगी पडतो. जो प्रश्न गावातला माणूस विचारायला कचरतो, तो बाहेरचा विचारू शकतो.

म्हणूनच ‘गावाला सगळे कळते’ ही भाबडी भूमिका घेऊन चालणार नाही, आणि ‘तज्ज्ञ आहेत ना, त्यांच्यावर सोडा’ ही आळशी भूमिका तर मुळीच नाही. दोघांची कामे वेगळी आहेत आणि ती कागदावर वेगळी करावी लागतील. त्याची जागा आहे करारनामा.

करारात काय असावे?

ग्रामपंचायत, नगरपंचायत किंवा वनहक्क समिती सल्लागार नेमणार असेल, तर कार्यादेश देण्याआधी पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात.

१. प्रश्न आधी गावाचे. एजन्सी बोलावण्यापूर्वी समितीने दोन-तीन बैठका घेऊन आपल्याला काय हवे आहे, ते एका पानावर लिहावे. गवत कमी का झाले, पाणवठा का आटतो, वणवा कुठून लागतो, अतिक्रमण कुठे आहे. हे पान कराराला जोडावे.

२. हद्द आणि हक्काची तपासणी सर्वांत आधी. सातबारा, गाव नकाशा, वन विभागाच्या नोंदी पाहून जमीन कोणाची आणि वापर कोणाचा, हे पहिल्याच अहवालात यावे. हे पक्के झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

३. पाहणी किमान पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळ्यात. मुदत ठरवताना मार्चअखेर नव्हे, निसर्गाचे वर्ष धरावे. हंगामी वापर करणाऱ्या मेंढपाळांशी ते गावात असताना बोलणे बंधनकारक असावे.

४. गावातील तरुण-तरुणी मानधनावर सोबत. सर्वेक्षणात त्यांचा सहभाग असावा, म्हणजे एजन्सी गेल्यावरही काम चालू ठेवणारे हात गावात राहतील.

५. मसुदा मराठीत, वाचून दाखवलेला. तो किमान काही दिवस पंचायतीत सर्वांना पाहायला ठेवावा. महिलांची आणि मेंढपाळ-भूमिहीनांची बैठक वेगळी घ्यावी. आलेल्या हरकती आणि त्यांवरची उत्तरे आराखड्यातच छापावीत.

६. शेवटचा हप्ता ग्रामसभेच्या ठरावानंतरच. एकूण रकमेतला मोठा भाग त्यासाठी राखून ठेवावा. सर्वांत कमी दर हा एकमेव निकष ठेवू नये. सल्लागाराने आधी केलेल्या दोन आराखड्यांच्या गावांना फोन करून विचारावे, हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा निकष आहे.

७. माहितीची मालकी गावाची. नकाशे, छायाचित्रे, कच्च्या नोंदी समितीकडे सुपूर्द व्हाव्यात. औषधी वनस्पती, बियाणी यांचे ज्ञान कोणी सांगितले, याची नोंद असावी आणि ते परवानगीशिवाय इतरत्र वापरले जाऊ नये. जैवविविधता कायद्यातील लाभवाटपाचा हक्क या नोंदींशी जोडलेला आहे.

८. ‘काय करू नये’ हेही लिहिलेले असावे. कोणत्या जागी झाडे लावायची नाहीत, कुठे चर खोदायचे नाहीत, कुठली चराई चालू ठेवायची. आराखडे सहसा कामांची यादी देतात, कारण कामांवर निधी मिळतो. न करण्याच्या गोष्टींना निधी नसतो, पण माळ वाचतो तो त्यांनीच.

पैसा आणि वेळ कुठून आणायचा?

सारे करायचे तर एक वर्ष लागते आणि खर्च वाढतो, हा आक्षेप रास्त आहे. पण दोन महिन्यांत केलेला आणि कधीच न उघडलेला आराखडा हाच खरा महागडा आराखडा. शिवाय सगळे काम बाहेर द्यायची गरज नसते. जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभाग, शाळेचे शिक्षक, पक्षीनिरीक्षक, निवृत्त तलाठी, वनरक्षक यांना एकत्र आणले तर यादीचे बरेचसे काम गावातच होते. नागपूरला मुख्यालय असलेल्या राज्य जैवविविधता मंडळाने गावांना तयार नमुन्याबरोबर वेळही द्यावा. नोंदवह्यांच्या संख्येवर समाधान न मानता ठरावीक गावांत जाऊन पडताळणी करावी. आणि घाईत झालेल्या नोंदवह्या अंतिम न मानता दरवर्षी सुधारण्याची सवय लावावी. नोंदवही ही जिवंत गोष्ट असावी, असा तिच्यामागचा मूळ विचारच आहे.

लोणंदसारख्या ठिकाणी नगरपंचायत असल्याने ग्रामसभा नसते. तिथे प्रभागनिहाय जाहीर बैठका घेऊन आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना सोबत घेऊन हेच करता येईल, कारण माळ, ओढे आणि कळपांच्या वाटा नगरपंचायतीच्या हद्दीवर थांबत नाहीत. सुरुवात अगदी साधी आहे. समितीने आपल्या नावाची नोंदवही कपाटातून बाहेर काढावी आणि पावसाळ्यात मेंढपाळ गावात असतील तेव्हा ती त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावी. आपल्या माळाचे, आपल्या गवताचे, आपल्या पाणवठ्याचे नाव त्यांना त्यात ऐकू आले, तर सल्लागाराने काम केले म्हणायचे. नाही आले, तर पुढची पाने कोणी लिहायची, हे त्याच बैठकीत ठरवता येईल.